घरच्या घरी फ्रूट टार्ट: तळ कुरकुरीत राहायचा तर

फ्रूट टार्ट कापताना कान द्यावा. सुरी फळांतून आणि कस्टर्डमधून आवाज न करता खाली जाते आणि तळाला टेकली की 'कट्' असा बारीक आवाज येतो. तो आला की टार्ट जमला. मी पहिल्यांदा केलेल्या टार्टला हा आवाज नव्हता. वरची स्ट्रॉबेरी सुरेख दिसत होती, कस्टर्डही चवीला छान होतं, पण आदल्या रात्रीच भरून ठेवल्यामुळे तळाचा पार लगदा झाला होता. तुकडा उचलायला गेले तर फळं हातात आली आणि बाकी सगळं टिनमध्येच राहिलं. त्यानंतर बरेच टार्ट केले. आता कुणी नव्याने करायला घेतलं की मी आधी एवढंच सांगते: तळाची पारी कोरडी असते, तिच्यावरचं सगळं ओलं असतं, आणि ही ओल पारीत उतरू द्यायची नाही. पुढे जे जे करायला सांगणार आहे, त्यातल्या बहुतेक गोष्टींचं कारण हेच आहे.

पारी म्हणजे मैदा, बटर आणि पिठीसाखरेची भाजलेली खुसखुशीत वाटी. फ्रेंच बेकरीत या गोड पिठाला 'पात सुक्रे' म्हणतात. तिच्यात दाट कस्टर्ड भरायचं आणि वर ताजी फळं मांडायची. भट्टीत जाते ती फक्त पारी. कस्टर्ड गॅसवर होतं, फळं कच्चीच राहतात. तिन्ही कामं सुटी असल्यामुळे ती दोन दिवसांत वाटून घेता येतात आणि नवशिक्यांनी तसंच करावं. आदल्या दिवशी पीठ आणि कस्टर्ड करून फ्रिजमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पारी भाजायची आणि खायच्या दोन-तीन तास आधी टार्ट भरायचा.

सामान

हे माप 23 सेंटिमीटरच्या, म्हणजे 9 इंची टिनचं आहे. आठ तुकडे होतात.

पारीसाठी मैदा 200 ग्रॅम, बिनमिठाचं थंडगार बटर 110 ग्रॅम, पिठीसाखर 70 ग्रॅम, एका अंड्यातला पिवळा बलक, चिमूटभर मीठ आणि बर्फाचं पाणी 1 ते 2 मोठे चमचे.

कस्टर्डसाठी दूध 400 मिली, 4 पिवळे बलक, साखर 80 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 35 ग्रॅम, बटर 30 ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स 1 छोटा चमचा आणि चिमूटभर मीठ.

वर मांडायला 400 ते 500 ग्रॅम फळं आणि चकाकीसाठी जर्दाळूचा जॅम 3 मोठे चमचे.

अंडं चालत नसेल तरी टार्ट होतो, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. वजनकाटा मात्र हवा. कपाने मैदा मोजला तर हलक्या हाताने भरलेला कप 120 ग्रॅमचा होतो, ठासून भरलेला 150च्या पुढे जातो, आणि या पिठात 30 ग्रॅमचा फरक फार होतो. टिन घेताना कडेला चुण्या असलेला आणि तळ सुटा निघणारा घ्या. तळ सुटा नसेल तर भाजलेली पारी अख्खी बाहेर काढणं अवघड जातं.

पीठ: हात थंड, काम झटपट

मैद्यात पाणी घालून तो मळला की त्यात ग्लुटेनचे लवचीक धागे तयार होतात. ब्रेडला ते हवे असतात. टार्टला नको असतात, कारण त्यांनी पारी चिवट होते आणि भट्टीत आक्रसते. म्हणून पाण्याच्या आधी मैद्याला बटर चोळायचं. मोहन चोळल्यावर पिठाच्या कणांवर तुपकट थर बसतो, पाणी आत शिरायला जागा कमी उरते आणि धागे लांब होत नाहीत. खुसखुशीतपणा येतो तो इथून.

मैदा, पिठीसाखर आणि मीठ एकत्र चाळून घ्या. बटर फ्रिजमधून काढून लगेच लहान तुकडे करा आणि पिठात टाका. आता फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही. तळहात गरम असतो आणि बटर अंगाच्या उष्णतेलाही वितळू लागतं. एक तुकडा चिमटीत धरायचा, पिठासकट दाबून चपटा करायचा, सोडून द्यायचा, दुसरा धरायचा. तीन-चार मिनिटांत सगळं जाडसर रव्यासारखं दिसू लागतं. मधे कुठे बटर चकचकीत किंवा तेलकट दिसलं तर भांडं तसंच दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पुढे जा.

बलकात एक चमचा बर्फाचं पाणी घालून फेटा, ते पिठावर सगळीकडे शिंपडा आणि काट्याने हलवा. मूठभर पीठ घेऊन दाबून बघा. मुटका धरून राहिला तर पाणी पुरे. भुगा होऊन पडला तर आणखी अर्धा चमचा. इथे हात आखडता ठेवा. पाणी जास्त झालं की पीठ लाटायला सोपं वाटतं, पण भाजल्यावर पारी कडक होते.

सगळं गोळा करून एकत्र दाबा. मळायचं नाही. गोळ्याला दोन-चार चिरा दिसल्या तरी चालतात. त्याची दोन सेंटिमीटर जाडीची चपटी चकती करून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि कमीत कमी एक तास फ्रिजमध्ये ठेवा. चपटी अशासाठी की ती आतपर्यंत सारखी गार होते आणि लाटायला अर्धी मेहनत वाचते. या तासाभरात तयार झालेले थोडेफार धागे सैल पडतात आणि बटर परत घट्ट होतं. रात्रभर ठेवलं तरी उत्तम.

लाटणं आणि टिनमध्ये बसवणं

दोन बटर पेपरच्या मधे ठेवून लाटा. वरून मैदा भुरभुरायची गरज राहत नाही आणि पीठ कुठे चिकटतही नाही. फ्रिजमधून काढल्यावर पाच मिनिटं बाहेर राहू द्या, एकदम लाटलं तर कडा फाटतात. मधून बाहेर लाटत, प्रत्येक वेळी थोडं फिरवत, साधारण 3 मिलिमीटर जाडीचं आणि 30 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ करा.

आता वरचा कागद काढा, पारी लाटण्यावर सैल गुंडाळा, खालचा कागद सोडवत चला आणि टिनवर उलगडा. पुढचं काम नीट बघून करा, कारण टार्ट बिघडतात ते बहुतेक इथेच. पारी टिनवर अंथरली की ती कडेवर तंबूसारखी ताणलेली असते, आणि मधे दाबून तिला कोपऱ्यात ढकलण्याचा मोह होतो. तसं केलं की पीठ ताणलं जातं आणि ताणलेलं पीठ भट्टीत हमखास मागे सरकतं. बाजू खाली घसरतात आणि अर्धा इंच उंचीची बशी हातात येते. त्याऐवजी एका हाताने पारीची बाहेरची कड वर उचलून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तिला आपल्या वजनाने कोपऱ्यात उतरू द्यायचं. तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे काटकोन दिसला पाहिजे. मग टिन थोडा फिरवायचा आणि पुढचा भाग बसवायचा. सगळं बसल्यावर तर्जनीने एकेक चुणी हलकेच दाबत जा. कडेबाहेर आलेल्या पिठावरून लाटणं फिरवलं की ते आपोआप कापलं जातं. तो उरलेला भाग टाकू नका, लागणार आहे.

कुठे फाटलं तर घाबरू नका. त्याच पिठाचा तुकडा लावून बोटाने सारखं करा, भाजल्यावर कळतही नाही. तळाला काट्याने टोचे मारा आणि टिन अर्धा तास फ्रिजमध्ये किंवा वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. ही दुसरी थंडाई अनेक जण घाईत गाळतात. बाजू उभ्या राहायच्या असतील तर ती गाळू नका. बटर दगडासारखं घट्ट असताना पारी भट्टीत गेली तर ते वितळायच्या आत पिठाला आकार धरायला वेळ मिळतो.

रिकामी पारी भाजणं

भरण्याआधी पारी रिकामी भाजण्याला ब्लाइंड बेकिंग म्हणतात. ओव्हन 180 अंश सेल्सिअसवर निदान पंधरा-वीस मिनिटं आधी तापत ठेवा. पंख्याचा ओव्हन असेल तर 160 अंश पुरे. रॅक मधल्या जागेपेक्षा एक घर खाली लावा, म्हणजे तळाला आच नीट लागते.

थंड पारीवर बटर पेपर अंथरा. आधी तो मुठीत चुरगळून मग पसरला तर कोपऱ्यात छान बसतो. त्यावर कोरडे राजमे, चणे किंवा तांदूळ काठोकाठ भरा. तळ झाकण्यापुरते घातले तर तळ फुगणार नाही, पण बाजूंना आधार मिळणार नाही, म्हणून अगदी कडेपर्यंत भरायचे. हे धान्य नंतर शिजवून खाता येत नाही. पण गार करून बरणीत ठेवलं तर पुढे कितीतरी टार्टना तेच वापरता येतं.

वीस मिनिटं भाजा. बाहेर काढून कागदासकट धान्य उचला. तळ अजून फिकट आणि ओलसर दिसेल. टिन परत आत ठेवा आणि बारा ते पंधरा मिनिटं भाजा. कडा सोनेरी झाल्या की बहुतेक जण काढून घेतात, आणि तळ तेव्हा कच्चाच असतो. बघायचं ते तळाकडे. तो मध्यभागी बिस्किटाच्या रंगाचा झाला पाहिजे आणि बोटाने टकटक केल्यावर कोरडा वाजला पाहिजे. कडा आधीच गडद होऊ लागल्या तर त्यांच्यावर फॉइलची पट्टी टाका. प्रत्येक ओव्हनचं तापमान थोडंफार इकडेतिकडे असतं, त्यामुळे मिनिटांपेक्षा रंगावर भरवसा ठेवा. या टार्टला पुन्हा भट्टी लागणार नाही, म्हणून आत्ता भाजली जाईल तेवढीच पारी भाजलेली राहणार.

पूर्ण गार झाल्यावर ओल अडवायचा बंदोबस्त करायचा. मला पांढरं चॉकलेट सगळ्यात भरवशाचं वाटतं. 50 ग्रॅम वितळवून ब्रशने तळाला आणि बाजूंना आतून पातळ हात द्या आणि घट्ट होऊ द्या. चॉकलेटातल्या स्निग्ध थरातून पाणी सहज झिरपत नाही. चॉकलेट नको असेल तर पारी भट्टीतून काढल्याबरोबर आतून फेटलेला अंड्याचा पांढरा बलक लावा आणि दोन मिनिटं परत आत ठेवा. तेही चालतं, पण चॉकलेटइतका वेळ टिकत नाही.

कस्टर्ड

बेकरीतले लोक याला पेस्ट्री क्रीम म्हणतात. साध्या कस्टर्डपेक्षा हे दाट असतं, तुकडा कापला तरी जागेवर उभं राहतं.

बलक आणि साखर एकत्र करून लगेच फेटा. साखर बलकावर तशीच पडून राहिली तर बारीक कडक दाणे होतात आणि ते मग विरघळत नाहीत. त्यात कॉर्नफ्लोअर आणि मीठ घालून गुळगुळीत करा. दुसरीकडे दूध वाफ येईपर्यंत गरम करा. आता गरम दूध बलकात बारीक धारेने, सतत ढवळत घाला. अर्धं दूध गेलं की बलक कोमट झालेला असतो, मग बाकीचं भराभर ओतलं तरी चालतं. सगळं गाळून जाड बुडाच्या पातेल्यात घ्या आणि मध्यम आचेवर ठेवा.

दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. दूध पातळच दिसतं आणि आपण चुकलो की काय असं वाटायला लागतं. मग फेटणीला तळाशी थोडं जड लागतं, कडेने एखादी गुठळी दिसते, आणि बघता बघता सगळं एकदम घट्ट होतं. याच क्षणी जोरात फेटायचं, कोपरे खरवडत. घट्ट झालं म्हणून गॅस बंद करू नका. मधोमध ढप्प-ढप्प बुडबुडे फुटू लागले की तिथून घड्याळ लावून आणखी एक ते दीड मिनिट उकळवा, हात न थांबवता. पिवळ्या बलकात स्टार्च तोडणारं अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. उकळी नीट मिळाली नाही तर ते जिवंत राहतं आणि रात्रभरात दाट कस्टर्डचं पाणी करतं. सकाळी फ्रिज उघडल्यावर काल घट्ट असलेलं कस्टर्ड पातळ झालेलं दिसलं, तर त्याचं कारण बहुधा हेच असतं. अंडं फाटेल ही भीती इथे धरू नका. कॉर्नफ्लोअर असल्यामुळे बलक उकळीलाही टिकतो.

गॅस बंद करून बटर आणि व्हॅनिला मिसळा. पसरट थाळ्यात काढा, म्हणजे लवकर गार होतं. वरून प्लास्टिक फिल्म थेट कस्टर्डला चिकटवून लावा, नाहीतर साय धरते. वाफ गेली की फ्रिजमध्ये ठेवा. निदान तीन तास तरी गार झालं पाहिजे, आणि दोन दिवसांत वापरून संपवावं.

फळं

स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, द्राक्षं, पीच, घट्ट पिकलेला आंबा ही फळं नवशिक्यांसाठी चांगली. फार पिकलेलं फळ घेऊ नका, त्याचा रस सुटतो. सफरचंद, पेअर, केळं कापलं की हवेने काळं पडतं. त्यांना लिंबाचा रस लावता येतो, पण पहिल्या टार्टला ती टाळलेलीच बरी. कच्ची किवी दुधाच्या पदार्थावर बराच वेळ राहिली तर कडवट चव येते, कारण तिच्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं. अननस आणि पपईतही अशीच एन्झाइमं असतात. ही फळं घालायची असतील तर अगदी वाढायच्या वेळी ठेवा.

फळं धुऊन कापडावर पसरा आणि खरंच कोरडी होऊ द्या. कापल्यावर कापलेली बाजू पेपर टॉवेलवर दोन-तीन मिनिटं पालथी ठेवा. त्यांच्यावर साखर भुरभुरू नका. साखर फळातलं पाणी ओढून बाहेर काढते आणि ते थेट कस्टर्डवर उतरतं.

भरणं आणि कापणं

गार कस्टर्ड फेटून परत गुळगुळीत करा आणि पारीत सपाट पसरा. कडेपासून थोडं खाली राहू द्या, फळांना जागा हवी. फळं बाहेरच्या कडेकडून आत मांडत या, एकावर एक थोडी चढवून, कस्टर्ड दिसणार नाही अशी. एक-दोनच रंगांची फळं घेतली तर टार्ट जास्त देखणा होतो असं माझं मत आहे. सात प्रकारची फळं घातली की नजर कुठेच ठरत नाही.

जॅममध्ये एक चमचा पाणी घालून गरम करा, गाळा आणि कोमट असताना मऊ ब्रशने फळांवर लावा. ब्रश ओढू नका, टिपत टिपत लावा. चकाकी येतेच, शिवाय कापलेलं फळ हवेपासून झाकलं जातं आणि सुकत नाही.

टिनमधून काढताना टिनच्या तळापेक्षा अरुंद, उंच डबा ओट्यावर ठेवून त्यावर टार्ट ठेवा आणि बाहेरचं कडं सोडा, ते आपोआप खाली सरकतं. कापायला दातेरी सुरी घ्या. फळांतून करवतीसारखी हलके चालवा आणि तळाला आली की एकदाच खाली दाबा. प्रत्येक कापानंतर पातं पुसा.

टार्ट फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, कस्टर्ड दुधा-अंड्याचं आहे. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी खाण्याजोगा असतो, फक्त तळाचा कुरकुरीतपणा थोडा कमी होतो.

अंडं नको असेल तर

पारीत बलकाऐवजी दोन मोठे चमचे थंड दूध घाला. पारी थोडी अधिक ठिसूळ होते, चवीत फार फरक पडत नाही. कस्टर्डला 400 मिली दुधात कॉर्नफ्लोअर 45 ग्रॅम, बटर 45 ग्रॅम आणि दोन मोठे चमचे दूध पावडर घ्या. कॉर्नफ्लोअर आणि पावडर थोड्या थंड दुधात कालवून मग गरम दुधात ओता, बाकी कृती तीच. रंग फिका येतो. पिवळेपणा हवा असेल तर कॉर्नफ्लोअरऐवजी तेवढीच कस्टर्ड पावडर वापरता येते. ती मुळात रंग आणि वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच असते. तिचा जन्मही याच गरजेतून झाला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने 1837 साली, बायकोला अंडं सोसत नाही म्हणून बिनअंड्याचं कस्टर्ड शोधून काढलं.

आणि बाजूला ठेवलेले पिठाचे तुकडे? रिकामी पारी भाजताना कुठे भेग पडलेली दिसली तर त्यातलाच चिमूटभर मऊ करून भेगेत लिंपा आणि पाच मिनिटं परत भाजा. भेग नसेल तर सगळे तुकडे एकत्र दाबून लाटा, वाटीने गोल कापा आणि 180 अंशावर दहा-बारा मिनिटं भाजा. चांगली बिस्किटं होतात, आणि टार्ट फ्रिजमध्ये असेपर्यंत घरातल्यांना दम निघतो.